विश्लेषण : उन्हाळ्यात जोडलेली वायरलेस लिंक पावसाळ्यात का तुटते? डोंगरातल्या पाड्यापर्यंत इंटरनेट नेण्याचे गणित काय?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी तालुक्यांच्या डोंगराळ भागात, एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात. दोन पाड्यांमध्ये कधी ओढा असतो, कधी जंगल, तर कधी अख्खा डोंगर. पंचायत कार्यालयापर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचले, तरी तिथून चार-पाच किलोमीटरवरच्या पाड्यातली शाळा, रेशन दुकान किंवा आरोग्य उपकेंद्र नेटवर्कच्या शोधातच राहू शकते. हे शेवटचे अंतर तारेशिवाय, दोन डिश समोरासमोर लावून पार करता येते. तंत्र जुने आहे, उपकरणे आवाक्यातली आहेत आणि त्यासाठी स्पेक्ट्रमचा परवानाही लागत नाही. मग अशा लिंक उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यात का बंद पडतात? दोष पावसाचा असतो, उपकरणाचा, की आधीच चुकलेल्या मोजमापाचा?

फायबर आले, तरी अडते कुठे?

देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच योजना पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या पुढच्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मान्यता दिली. त्यात पंचायतींना वर्तुळाकार जाळ्यात जोडणे आणि पंचायतीबाहेरच्या गावांना मागणीनुसार जोडणी देणे यांचा समावेश आहे.

मूळ योजनेचे लक्ष्य ग्रामपंचायत हे होते. सपाट भागात गाव आणि पंचायत कार्यालय एकाच ठिकाणी असते, त्यामुळे तिथे हे पुरते. आदिवासी पट्ट्यात पंचायत म्हणजे विखुरलेल्या पाड्यांचा समूह. प्रत्येक पाड्यापर्यंत चर खणून फायबर नेणे खडकाळ जमिनीत खर्चिक असते. वाटेत वनजमीन असेल तर परवानगीत वेळ जातो. रस्ता रुंदीकरणात किंवा दरड कोसळल्यावर फायबर तुटले, तर नेमके कुठे तुटले हे शोधून जोडेपर्यंत सेवा बंद राहते.

दुसरीकडे रेशनच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावण्यापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत कितीतरी कामे आता ऑनलाइन झाली आहेत. पाड्यावर नेटवर्क नसले की माणसे उंच जागा गाठतात किंवा दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जातात. म्हणून शेवटच्या चार-पाच किलोमीटरचा प्रश्न रोजच्या जगण्याशी थेट जोडलेला आहे.

पॉइंट-टू-पॉइंट लिंक म्हणजे काय?

घरातला वाय-फाय राउटर चारही बाजूंना लहरी सोडतो, जसा उघडा बल्ब सगळ्या खोलीभर उजेड पाडतो. पण दोन भिंती ओलांडल्या की तो क्षीण होतो. तेवढाच उजेड आरसा लावलेल्या बॅटरीतून एका दिशेने टाकला, तर तो कितीतरी लांब जातो. पॉइंट-टू-पॉइंट लिंकमध्ये डिश अँटेना हेच काम करते. ऊर्जा वाढत नाही, फक्त एका अरुंद झोतात गोळा होते.

एका टोकाला फायबरजवळ एक डिश, दुसऱ्या टोकाला पाड्यातल्या उंच छतावर किंवा खांबावर दुसरी. दोघींचा रोख बरोबर एकमेकींकडे. ५.८ गिगाहर्ट्झवर साधारण ४० सेंटिमीटर व्यासाची डिश सुमारे २५ डेसिबल इतकी दिशात्मक वाढ देते, म्हणजे मुख्य दिशेने सिग्नल सुमारे ३०० पट केंद्रित होतो. त्या बदल्यात झोत अवघा ९ अंशांच्या आसपास उरतो. ६० सेंटिमीटरच्या डिशमध्ये वाढ २९ डेसिबलच्या घरात जाते आणि झोत सुमारे ६ अंशांवर येतो.

पाड्यात पोहोचल्यावर ही लिंक एका साध्या राउटरला जोडली, की तिथून पुढे शाळेत किंवा दुकानात नेहमीचा वाय-फाय मिळतो.

शेजारच्या पालघरमध्ये काय झाले?

अशा रचनेचा महाराष्ट्रातला महत्त्वाचा प्रयोग नाशिकला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात झाला. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्राम मार्ग’ हा प्रकल्प राबवला गेला. पहिल्या टप्प्यात खामलोली परिसरात टीव्हीच्या न वापरलेल्या वाहिन्यांमधून, म्हणजे ‘टीव्ही व्हाइट स्पेस’मधून इंटरनेट पोहोचवण्याची चाचणी झाली. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळपास सर्वत्र रिकाम्या असल्याचे याच गटाच्या २०१४ च्या अभ्यासात दिसले होते. या कमी वारंवारितेच्या लहरी झाडापानांतून तुलनेने सहज पार होतात, त्यामुळे डोंगराळ भागाला त्या सोयीच्या. अडचण अशी, की हा पट्टा परवानामुक्त नाही. चाचणीसाठी प्रायोगिक परवाना घ्यावा लागला होता.

पुढच्या टप्प्यात या गटाने परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरून जिल्ह्यातली २५ गावे जोडली. फायबर जिथे पोहोचले तिथून पुढचा पल्ला वायरलेस लिंकने गाठायचा, असा हा नमुना होता. चालवण्याची जबाबदारी सरकार, स्थानिक उद्योजक आणि पंचायत यांनी वाटून घ्यावी, अशी कल्पना त्यामागे होती. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत या प्रकल्पाला पहिला क्रमांक आणि १ लाख २५ हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले.

नाशिकच्या पश्चिम तालुक्यांची जमीन, पाऊस आणि वस्तीची रचना पालघरच्या जव्हार-मोखाड्याशी जुळती आहे. त्यामुळे तिथला नमुना इथेही विचारात घेण्यासारखा आहे. मात्र ५.८ गिगाहर्ट्झ वापरायचे, तर झाडापानांतून पार होण्याची ती जुनी सोय सोडावी लागते. खरी मेख इथेच आहे.

समोरचे छत दिसते, म्हणजे लिंक जुळेल का?

जुळेलच असे नाही. लिंक लावताना सर्वाधिक फसगत याच समजुतीने होते. रेडिओ लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत. दोन डिशमध्ये लांबुडक्या फुग्यासारखी एक जागा असते. टोकांना ती निमुळती आणि मधोमध सर्वांत फुगीर असते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ फ्रेनेल यांच्या नावावरून तिला ‘फ्रेनेल झोन’ म्हणतात. या फुग्यात झाड, कडा किंवा इमारत शिरली, तर समोरची डिश डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सिग्नल घसरतो.

या फुग्याचा आकार अंतर आणि वारंवारितेवर ठरतो. ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या लिंकमध्ये मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे ८ मीटर असते. १० किलोमीटरला ती ११.४ मीटर आणि २० किलोमीटरला १६ मीटर होते. २.४ गिगाहर्ट्झ वापरले, तर १० किलोमीटरलाच ती १७.७ मीटर भरते. व्यवहारात या त्रिज्येचा किमान ६० टक्के भाग पूर्ण मोकळा ठेवतात.

त्यात पृथ्वीच्या गोलाईची भर पडते. हवेमुळे लहरी किंचित वाकतात हे धरूनही १० किलोमीटरच्या मधोमध जमीन सुमारे दीड मीटर वर आल्यासारखी वागते, तर २० किलोमीटरला सुमारे ६ मीटर. म्हणजे १० किलोमीटरच्या लिंकमध्ये, अडथळा मध्यावर असेल, तर त्याच्या शेंड्यापासून दृष्टिरेषा साधारण ८ मीटर उंच हवी. ६.८ मीटर फुग्यासाठी आणि दीड मीटर गोलाईसाठी.

सागाची पाने आणि लिंक यांचा संबंध काय?

पेठ-सुरगाण्याच्या जंगलात साग मोठ्या प्रमाणावर आहे. साग पानगळीचा वृक्ष. उन्हाळ्यात तो जवळपास उघडाबोडका होतो आणि पहिल्या पावसानंतर त्याला मोठी, रुंद पाने फुटतात. एप्रिल-मेमध्ये पाहणी केली, तर काटक्यांमधून समोरची टेकडी स्वच्छ दिसते. डिश बसते, वेगाची चाचणी होते, सगळे समाधानी होतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच रेषेत पाण्याने भरलेल्या हिरव्या पानांची भिंत उभी राहते.

पाने ५ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतात आणि विखुरतात. अभियंते वापरत असलेल्या ठोकताळ्यांनुसार १० मीटर जाडीच्या दाट पर्णसंभारातून जाताना सिग्नल सुमारे ७ ते ११ डेसिबलने पडतो. १० डेसिबल म्हणजे सिग्नल एक दशांश होणे. ३० मीटर झाडोऱ्यातून जायचे असेल, तर ही घट १६ ते २१ डेसिबलपर्यंत जाऊ शकते.

तुलनेत पावसाचा दोष बराच कमी. ताशी ५० मिलिमीटर इतक्या मुसळधार पावसात ५.८ गिगाहर्ट्झवर किलोमीटरमागे घट सुमारे ०.३५ डेसिबल असते. तसा पाऊस अख्ख्या १० किलोमीटरवर एकाच वेळी कोसळतो आहे असे धरले, तरी एकूण घट साडेतीन डेसिबलच्या आसपास राहते. ‘पावसाने लिंक गेली’ असे म्हटले जाते तेव्हा अनेकदा ती पानांनी, ओल्या जोडांनी किंवा विजेच्या झटक्याने गेलेली असते.

६० गिगाहर्ट्झच्या नव्या, अतिवेगवान उपकरणांची गोष्ट मात्र वेगळी. त्या वारंवारितेला हवेतला प्राणवायूच किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल खातो आणि ताशी ५० मिलिमीटर पावसात आणखी १५ डेसिबलहून अधिक घट होते. शहरात दोन इमारतींमधल्या काहीशे मीटरसाठी ती उत्तम. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या इगतपुरीच्या पट्ट्यात लांब पल्ल्यासाठी ती निवडणे चुकीचे ठरेल.

डिश घेण्यापूर्वी कागदावर काय मांडायचे?

अभियंते याला ‘लिंक बजेट’ म्हणतात. घरखर्चासारखाच हिशेब. जमा किती, वाटेत खर्च किती आणि शेवटी हातात किती उरले.

उदाहरणासाठी १० किलोमीटरची लिंक घेऊ. डिशच्या दिशेने बाहेर पडणारी प्रभावी शक्ती ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम धरू. मोकळ्या हवेत १० किलोमीटर जाताना ५.८ गिगाहर्ट्झवर सुमारे १२८ डेसिबल खर्च होतात. समोरची डिश २५ डेसिबल परत मिळवून देते. हातात उरतात उणे ६७ डीबीएम. ही शक्ती एका वॉटचा सुमारे ५०० कोटीवा भाग आहे. तरीही आधुनिक रेडिओला ती पुरते.

वेगवान दराने डेटा उलगडण्यासाठी रेडिओला साधारण उणे ७५ डीबीएम सिग्नल लागतो असे धरले, तर हाताशी ८ डेसिबलची शिल्लक राहते. मुसळधार पाऊस त्यातले जेमतेम साडेतीन नेईल. १० मीटर पाने मात्र शिल्लक जवळपास संपवतात किंवा तोट्यात नेतात. मग रेडिओ आपोआप कमी वेगावर उतरतो. पाने ३० मीटर असतील, तर लिंक रडतखडत चालते किंवा तुटते. एप्रिलमध्ये धावणारी लिंक ऑगस्टमध्ये का कोसळते, याचे उत्तर या चार ओळींच्या हिशेबात आहे. म्हणूनच जाणकार किमान १५ ते २० डेसिबल शिल्लक ठेवतात. त्यासाठी मोठी डिश, कमी अंतर किंवा मधला टप्पा हे मार्ग असतात. पण रेषा पानांतून जात असेल, तर नुसती डिश मोठी करून भागत नाही, उंची वाढवावी लागते.

जागेची पाहणी कशी करायची?

पहिली पायरी मोबाइलवरच होते. दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश घेऊन उपग्रह नकाशाच्या ॲपमध्ये त्यांच्यातल्या जमिनीचा उंचसखल आलेख काढता येतो. डोंगराचा कडा मध्ये येत असेल, तर तिथेच कळते आणि पुढचा खर्च वाचतो. मात्र या नकाशांतल्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते आणि झाडे-इमारती त्यात नीट दिसत नाहीत.

म्हणून दुसरी पायरी प्रत्यक्ष जागेवर. स्वच्छ हवेत एका टोकावरून आरशाने सूर्यप्रकाशाची चमक दाखवायची आणि दुसऱ्या टोकावरून दुर्बिणीने ती पाहायची. चमक दिसली, की दृष्टिरेषा आहे. मग रेषेखालचे प्रत्येक झाड मोजायचे. त्याची आजची उंची, अजून किती वाढेल आणि पानोळ्यात ते किती पसरेल, हे तिन्ही टिपायचे. बांधावरची निलगिरी याबाबत विशेष फसवी, कारण ती काही वर्षांतच कित्येक मीटर वाढते. द्राक्षबागांचा मांडव मात्र ठेंगणा असल्याने निफाड-दिंडोरीकडच्या लिंकना त्याचा त्रास होत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाहणी पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच, झाडे पानांनी भरलेली असताना करावी. उन्हाळ्यात करावी लागली, तर प्रत्येक पानगळीचे झाड पूर्ण भरलेले आहे असे समजूनच हिशेब मांडावा.

डोंगर मध्ये आला तर काय?

मग मधला टप्पा, म्हणजे रिले. डोंगरमाथ्यावर दोन डिश लावायच्या, एक अलीकडे बघणारी आणि एक पलीकडे. नाशिकच्या पश्चिमेला माथ्यांची कमी नाही, पण माथा मोकळा दिसतो म्हणून तो वापरता येतोच असे नाही. बरीच डोंगरजमीन वनखात्याची आहे आणि अंजनेरी तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे खांब रोवण्याआधी वनखात्याची परवानगी हवी. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर यांच्या आसपास उंच मनोरा उभारायचा असेल, तर उंचीच्या मर्यादाही तपासाव्या लागतात. त्यामुळे अनेकदा माथ्यापेक्षा डोंगराच्या सोंडेवरची शाळा किंवा पाण्याची उंच टाकी अधिक सोयीची ठरते. तिथे वीज, रस्ता आणि राखण तिन्ही मिळतात.

एकाच खांबावर दोन डिश असल्या की नवी अडचण येते. एक बोलत असताना शेजारची ऐकत असेल, तर तिच्या कानाशीच ओरडा होतो. आयआयटी कानपूरच्या ‘डिजिटल गॅन्जेटिक प्लेन्स’ प्रकल्पात उत्तर प्रदेशातली गावे लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडताना भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी यावर उपाय मांडला. एका खांबावरच्या सगळ्या डिशनी एकाच वेळी बोलायचे आणि एकाच वेळी ऐकायचे. त्यांचा शोधनिबंध २००५ मधला. रामन पुढे आयआयटी मुंबईत आले. आजच्या अनेक व्यावसायिक उपकरणांतही बोलण्या-ऐकण्याच्या वेळा अशाच वाटून दिलेल्या असतात.

बसवताना कोणत्या चुका होतात?

पहिली चूक अंतराच्या सेटिंगची. वाय-फाय रेडिओ पाकीट पाठवल्यावर पोच येण्याची वाट पाहतो. ही वाट पाहण्याची वेळ घर-कार्यालयाच्या अंतराला धरून ठरलेली असते. १० किलोमीटर जाऊन परत यायला लहरींना सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात. सेटिंगमध्ये खरे अंतर भरले नाही, तर पोच येण्याआधीच रेडिओ पाकीट हरवले असे समजून ते पुन्हा पाठवतो. सिग्नल उत्तम आणि वेग शून्याजवळ, असा चमत्कारिक अनुभव यामुळे येतो.

दुसरी चूक खोट्या शिखराची. डिशच्या मुख्य झोताशेजारी लहान, कमजोर झोत असतात. घाईत दिशा जुळवताना त्यातला एखादा पकडला जातो आणि ‘सिग्नल आला’ म्हणून बोल्ट आवळले जातात. मोजलेला सिग्नल कागदावरच्या हिशेबापेक्षा १५-२० डेसिबल कमी असेल, तर डिश चुकीच्या झोतावर आहे किंवा फ्रेनेल झोन अडला आहे, असे समजावे. एका वेळी एकाच टोकाची डिश हलवावी, आधी आडवी आणि मग उभी. दुसऱ्या टोकाच्या माणसाने त्या वेळी हात लावू नये.

तिसरी चूक किरकोळ वाटते, पण पावसात तीच महागात पडते. घरातल्या वापराची साधी केबल उन्हात तडकते आणि तिच्यातून पाणी थेट रेडिओत उतरते. बाहेरच्या वापराची केबल, जोडांवर पाणी न शिरणारी टेप आणि आत जाण्यापूर्वी केबलला खाली झोल, एवढ्याने बरेच काही वाचते. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे, हेही लक्षात ठेवावे. खांबाला स्वतंत्र अर्थिंग आणि केबलला सर्ज अरेस्टर नसेल, तर वळवाचा पहिला पाऊस उपकरण जाळू शकतो.

टिकण्यासाठी सर्वांत मोठा धोका कोणता?

वीज. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांबरोबर ग्रामीण दृष्टी केंद्रे लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडली. गावातला रुग्ण केंद्रात बसून रुग्णालयातल्या डॉक्टरांशी व्हिडीओवर बोलू लागला. मात्र या जाळ्याच्या देखभालीवर २००८ मध्ये संशोधकांनी लिहिलेल्या निबंधाचा भर रेडिओच्या दोषांपेक्षा खराब विजेवर होता. व्होल्टेजमधले झटके उपकरणे जाळत होते. वीज अचानक गेल्याने रेडिओची मेमरी बिघडत होती. बिघाड झाला की शहरातून माणूस येईपर्यंत केंद्र बंद राहत असे.

आजच्या एका रेडिओला साधारण १० वॉट वीज लागते. एक छोटे सौर पॅनेल, बॅटरी आणि चांगला चार्ज कंट्रोलर त्याला पुरतो. पण पश्चिम नाशिकमध्ये जुलै-ऑगस्टला अनेक दिवस ऊन नसते, त्यामुळे बॅटरी किमान तीन-चार दिवस पुरेल अशी धरावी. २४ तासांना २४० वॉट-तास या हिशेबाने चार दिवसांना सुमारे एक हजार वॉट-तास लागतात. साध्या भाषेत १२ व्होल्टची सुमारे १०० अँपिअर-तासांची बॅटरी, तीही पूर्ण रिकामी करायची नाही हे धरून त्याहून मोठी.

परवाना लागतो का?

जानेवारी २००५ मध्ये केंद्राने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला. त्यामुळे स्वतःच्या घरापासून शेतापर्यंत अशी लिंक लावायला स्पेक्ट्रमचे शुल्क भरावे लागत नाही. मात्र उपकरण मान्यताप्राप्त हवे आणि शक्तीची मर्यादा पाळायला हवी. मोठी डिश लावली, तर रेडिओची शक्ती त्या प्रमाणात कमी करावी लागते. सेटिंगमध्ये भलताच देश निवडून शक्ती वाढवणे हा नियमभंग आहे. पट्टा खुला असल्याने शेजारच्याच्या लिंकचा अडथळा आला, तरी संरक्षण मिळत नाही. सातपूर-अंबडसारख्या दाट औद्योगिक भागात ही अडचण जास्त, पाड्यांवर कमी.

स्पेक्ट्रम खुला आहे, याचा अर्थ इंटरनेट विकायलाही परवानगी लागत नाही, असा नाही. पैसे घेऊन जोडण्या द्यायच्या असतील, तर इंटरनेट सेवा पुरवठादार म्हणून अधिकृत परवानगी हवी किंवा तशा पुरवठादाराशी करार हवा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत किराणा दुकानासारख्या ठिकाणी सार्वजनिक वाय-फाय चालवायला परवाना वा नोंदणी लागत नाही. पाड्यावरच्या दुकानासाठी हा मार्ग सोयीचा ठरू शकतो.

किती लांब जाता येते?

२००७ मध्ये व्हेनेझुएलात एरमान्नो पिएत्रोसेमोली यांच्या गटाने दोन डोंगराळ ठिकाणांमध्ये तब्बल ३८२ किलोमीटरची वाय-फाय लिंक जोडून दाखवली आणि तिच्यावरून प्रत्येक दिशेला सुमारे ३ एमबीपीएस वेग मिळवला. हा विक्रम तंत्राची ताकद दाखवतो, पण पाड्याला विक्रमाची गरज नाही. पाड्याला हवी असते पाच-सात किलोमीटरची, भरपूर शिल्लक असलेली आणि गावातल्याच कुणाला तरी सांभाळता येईल अशी लिंक.

पंचायतीने सही करण्यापूर्वी काय विचारावे?

अशा कामाचा प्रस्ताव समोर आला, तर वेगाच्या आकड्यापेक्षा पाच प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पाहणी कोणत्या महिन्यात झाली? रेषेखालच्या सर्वांत उंच झाडापासून अंतर किती आणि झाड वाढल्यावर ते किती उरेल? हिशेबात शिल्लक किती डेसिबल आहे? सलग चार दिवस ऊन नसेल, तर लिंक चालेल का? आणि बिघडली, तर गावातला कोण ती सुरू करू शकेल, त्याच्याकडे सुटा रेडिओ आणि केबल असेल का?

या प्रश्नांची उत्तरे लेखी नसतील, तर कामाची अंतिम चाचणी आणि शेवटचा हप्ता ऑगस्टनंतर ठेवण्याची अट पंचायतीने घालावी. झाडे पानांनी भरलेली, बॅटरी ढगाळ हवेत आणि जोड पावसात भिजलेले असताना जी लिंक चालते, ती वर्षभर चालण्याची शक्यता मोठी असते. मेमध्ये मोजलेल्या वेगावरून ही खात्री देता येत नाही.